पोलादाला विजेचे पाणी

१९७६ च्या जुलै महिन्यात लिओनिद रुदाकोव्ह हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमधून व्याख्याने देत फिरत होते. ते मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतले. इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड झोताने जड हायड्रोजनची इवलीशी गोळी दाबून तिच्यात अणुसंमीलन घडवता येईल का, हा त्यांचा विषय. झोताची ऊर्जा आधी क्ष-किरणांत बदलायची आणि त्या क्ष-किरणांनी गोळी दाबायची, अशी युक्ती त्यांनी मोकळेपणाने मांडली. समोर बसलेल्यांपैकी काही अमेरिकनांना ती चांगलीच ठाऊक होती, कारण त्यांचा हायड्रोजन बॉम्ब त्याच तत्त्वावर चालत असे. पण त्यांच्या देशात ती गुप्त होती. म्हणजे रशियन पाहुणा सगळे उघड सांगतो आहे आणि यजमानांना मान डोलावण्याचीही चोरी! व्याख्यानांनंतर अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनी ऐकलेले गुप्त मानण्याचा खटाटोप केला. पाहुण्याने आपण होऊन सांगितलेली गोष्ट गुप्त कशी ठेवायची, हा प्रश्न त्यांना पडला की नाही कोण जाणे.

शीतयुद्धातल्या या झोतांचा इतिहास सहसा असाच सांगितला जातो: बॉम्ब, संमीलन, क्षेपणास्त्रे, गुप्तता. त्याच यंत्रांच्या सावलीत एक बिनगाजावाजाची कारागिरी वाढत होती, तिच्याकडे फार कोणी पाहिले नाही. या झोतापुढे जे येई ते बिघडत असे. धातूची पट्टी ठेवली तर तिचा पृष्ठभाग वितळे, काही वेळा आतून बसलेल्या धक्क्याने मागच्या बाजूने तिचे कपचे उडत. प्रयोग करणाऱ्याच्या दृष्टीने ही कटकट. नवे लक्ष्य बसवा, पोकळी पुन्हा निर्वात करा, पुन्हा झोत सोडा. पण वितळून पुन्हा गोठलेली ती कातडी कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि ती मूळ धातूसारखी राहिलेली नव्हती.

मात्र त्या कातडीपर्यंत पोहोचण्याआधी झोत कसा जन्मला ते पाहायला हवे. त्याची एक शाखा इंग्लंडमध्ये फुटली आणि दुसरी सैबेरियात.

इंग्लंडमधली शाखा बर्कशायरमधल्या ऑल्डरमास्टनची. ब्रिटनची अण्वस्त्रे तिथे घडत. बॉम्बच्या आतली स्फोटके फुटताना आतला धातू कसा दाबला जातो हे पाहायचे तर क्ष-किरणांचा अत्यंत लखलखीत आणि अत्यंत आखूड झोत हवा, नाहीतर छायाचित्र पुसट येणार. हे काम चार्ली मार्टिन यांच्या गटाकडे आले. त्यांनी दोन जुन्या युक्त्यांची सांगड घातली. पहिली एर्विन मार्क्स या जर्मन अभियंत्याची, १९२० च्या दशकातली: अनेक कपॅसिटर शेजारी-शेजारी जोडून भरायचे आणि क्षणार्धात एकामागे एक अशा साखळीत रिकामे करायचे, म्हणजे त्यांचे व्होल्टेज एकमेकांत मिळवले जाते. दुसरी ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याची. रडारसाठी त्याने आखलेली तारांची रचना स्पंदाला धारदार करी. ब्लूमलाइन १९४२ मध्येच, रडारची चाचणी घेणाऱ्या हॅलिफॅक्स विमानाच्या अपघातात गेला. आपल्या रचनेचे पुढे काय काय झाले ते पाहायला तो उरला नाही.

मार्टिन यांचे वैशिष्ट्य असे की ते महागड्या सामानाच्या नादी लागत नसत. पाणी, तेल, प्लास्टिकच्या पातळ पत्र्या आणि तांब्याची पट्टी यांवर त्यांचा भर. लाखो व्होल्ट आवरणारे रेझिस्टर म्हणून मोरचुदाचे पाणी भरलेल्या नळ्या या क्षेत्रात सर्रास चालतात. शेतावरच्या फवारणीतले मोरचूद इथे अण्वस्त्रांच्या छायाचित्रणात! १९६० च्या दशकात त्यांच्याकडचे इयान स्मिथ अमेरिकेत गेले आणि ही विद्या तिकडे रुजली. १९७२ मध्ये मेरीलँड राज्यात उभे राहिलेले ‘अरोरा’ हे महाकाय यंत्र याच वंशातले. अणुस्फोटातून सुटणाऱ्या गॅमा किरणांपुढे आपल्या क्षेपणास्त्रांतले इलेक्ट्रॉनिक सामान टिकते की नाही, हे तपासण्यासाठी ते बांधले होते.

दुसरी शाखा टॉम्स्कची. ट्रान्स-सैबेरियन रेल्वेचा मुख्य मार्ग या गावाला टाळून दक्षिणेकडून गेला, त्यामुळे व्यापाराची भरभराट दुसरीकडे गेली आणि टॉम्स्ककडे विद्यापीठे राहिली. सैबेरियातले पहिले विद्यापीठ इथलेच. शेजारची तंत्रशिक्षण संस्था, पुढचे टॉम्स्क पॉलिटेक्निक, १८९६ साली स्थापन झालेली. १९५८ मध्ये तिथून गेन्नादी मेस्याट्स नावाचा तरुण विद्युत अभियंता बाहेर पडला. बाहेर पडला म्हणायचे, पण तो तिथेच राहिला. गुरू ग्रिगोरी वोरोब्योव्ह यांच्याबरोबर त्याने उच्च दाबाचे नॅनोसेकंदी स्पंद घडवण्याचे तंत्र बसवले आणि १९६३ मध्ये दोघांचे त्यावर पुस्तकही आले. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. इतक्या वेळात प्रकाशही जेमतेम ३० सेंटिमीटर जातो.

या गटापुढे एक जुने कोडे होते. निर्वात पोकळीत धातूची दोन टोके समोरासमोर धरून व्होल्टेज वाढवत नेले की एका क्षणी ठिणगी पडते. मध्ये हवा नाही, वायू नाही, मग वीज वाहते कशातून? १९५० च्या दशकात अमेरिकेत ऑरेगॉनमधल्या वॉल्टर डाइक यांनी टंगस्टनच्या अतिशय अणकुचीदार सुयांमधून इलेक्ट्रॉन ओढून पाहिले होते. प्रवाह एका हद्दीपलीकडे गेला की सुईचे टोक उडून जाई. डाइक यांना स्थिर, दीर्घायुषी सुई हवी होती. साहजिकच टोक उडणे हा त्यांच्या लेखी अपघात होता, आणि तो टाळण्याची हद्द त्यांनी बारकाईने मोजली.

टॉम्स्कमध्ये ही नजर उलटी झाली. मेस्याट्स, प्रोस्कुरोव्स्की, बुगायेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ च्या सुमारास नॅनोसेकंदी कॅमेऱ्याने कॅथोडचे, म्हणजे ऋण टोकाचे, फोटो घेतले. फोटोत कॅथोडवर प्रकाशाचे छोटे छोटे भडके दिसले. कितीही घासून गुळगुळीत केला तरी धातूच्या पृष्ठावर सूक्ष्म उंचवटे उरतातच. विद्युतक्षेत्र त्यांच्या टोकाशी एकवटते, टोकातून इतका प्रवाह धावतो की ते काही नॅनोसेकंदांत तापून अक्षरशः फुटते, आणि धातूची वाफ प्लाझ्मा होऊन सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगाने पसरू लागते. हा प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉनांची अखंड खाण. एक टोक फुटले की स्फोटाने शेजारी नवी टोके तयार होतात आणि मग ती फुटतात. लेनिनग्राडमध्ये गेओर्गी फुर्सेय यांचे कामही याच दिशेने चालले होते. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या घटनेला ‘स्फोटक इलेक्ट्रॉन उत्सर्जन’ म्हटले. एरवीच्या कॅथोडमधून जितके इलेक्ट्रॉन चौकशी करून, परवानगी काढून मिळत, त्याच्या हजारो पट इथे कॅथोडचा एक थर जाळून मिळू लागले.

माझ्या मते या साऱ्या कथेतला कळीचा क्षण हाच. डाइक यांच्याकडे यंत्रसामग्री कमी नव्हती आणि बुद्धी तर मुळीच कमी नव्हती. त्यांना टिकाऊ सुई हवी होती, टॉम्स्कवाल्यांना प्रवाह हवा होता. सुई गेली तर जाऊ दे, अशी तयारी ज्याची होती त्याला झोत मिळाला. १९७७ मध्ये टॉम्स्कमध्ये खास या विद्येसाठी ‘उच्च-प्रवाह इलेक्ट्रॉनिकी संस्था’ स्थापन झाली आणि मेस्याट्स तिचे पहिले संचालक झाले.

इलेक्ट्रॉनांच्या झोताचा प्रश्न असा सुटला, तरी आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, झोताचा सुटायचा होता. त्याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातून आले आणि देणाऱ्यांमध्ये एक भारतीय होते. रवींद्रनाथ सुदान मूळचे जम्मू-काश्मीरचे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मग लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॉर्नेल, असा त्यांचा प्रवास. अडचण साधी होती. दोन टोकांमध्ये व्होल्टेज दिले की धन आयन एकीकडे आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे धावतात. इलेक्ट्रॉन हलके, म्हणून जवळजवळ सगळी ऊर्जा तेच गिळतात. सुदान आणि रिचर्ड लव्हलेस यांनी १९७३ मध्ये दाखवले की पोकळीत आडवे चुंबकीय क्षेत्र लावले तर हलके इलेक्ट्रॉन वळून माघारी जातात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, त्याला त्या क्षेत्राची फारशी तमा नसते, तो सरळ निघून जातो. पुढच्याच वर्षी सुदान, स्टॅन्ली हंफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष झोत काढून दाखवला.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे संमीलनाच्या स्वप्नाने खाल्ली. अल्बुकर्कच्या सँडिया प्रयोगशाळेत १९८५ च्या अखेरीस ‘पीबीएफए-२’ हे यंत्र सुरू झाले. लिथियमच्या आयनांचा झोत एका बारीक गोळीवर एकवटायचा, हा बेत. झोत हवा तितका बारीक कधीच झाला नाही. १९९६ मध्ये तेच यंत्र आयनांचा नाद सोडून ‘झेड’ या नावाने वेगळ्या कामाला लागले. या अपयशावर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

संमीलनाची ही धडपड चालू असताना टॉम्स्कमधले लोक त्या वितळून गोठलेल्या कातडीकडे वळले होते. हे शहर तेव्हा परदेशी माणसांना बंद होते. तिथल्या पॉलिटेक्निकच्या अणुभौतिकी संस्थेत आंद्रेय दिदेन्को आणि गेन्नादी रेमन्योव्ह यांच्यासारखे लोक ‘टेम्प’ नावाच्या प्रवेगकाखाली आयनांचा झोत धातूंवर मारून पाहत होते. पलीकडे उच्च-प्रवाह संस्थेत प्रोस्कुरोव्स्की, व्लादिमिर रोत्श्तेइन आणि ग्लेब ओझुर इलेक्ट्रॉनांच्या झोताने तेच करत होते. दिदेन्को, लिगाचोव्ह आणि कुराकिन यांचे धातूंच्या पृष्ठभागावरील झोतांच्या परिणामांविषयीचे पुस्तक १९८७ मध्ये निघाले. म्हणजे तोवर या उपद्व्यापाचे शास्त्र झाले होते.

यात नेमके घडते काय? आपल्याकडचा लोहार विळा तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. पोलाद झपाट्याने निवते, आतल्या कार्बनला आपल्या जागी परतायला सवड मिळत नाही आणि धार कडक होते. झोताचे कामही हेच. फक्त इथे पाणी नसते, विळ्याचे बाकीचे अंगच पाणी होते. साधारण २५ हजार व्होल्टचा इलेक्ट्रॉन पोलादात दीड-दोन मायक्रॉन शिरतो. झोत दोन-तीन मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात उष्णता आणखी काही मायक्रॉन उतरते, तेवढा थर वितळतो आणि खालचे सगळे धातुपिंड गारच्या गार असते. झोत थांबताच ते पिंड त्या पातळ वितळलेल्या कातडीतली उष्णता ओढून घेते. निवण्याचा वेग दर सेकंदाला दहा कोटी अंशांपासून अब्जावधी अंशांपर्यंत जातो. लोहाराच्या पाण्यात सेकंदाला फार तर शे-हजार अंशांची गोष्ट.

इतक्या घाईत गोठणाऱ्या धातूला मोठे स्फटिक वाढवायला वेळच नसतो. कण अतिशय बारीक होतात, काही मिश्रधातूंत तर स्फटिक बनतच नाहीत, काचेसारखा विस्कळीत थर राहतो. एरवी एकमेकांत न विरघळणारे घटक विरघळलेले असतानाच अडकून पडतात. कार्बाइडचे कण वितळून आजूबाजूला मिसळतात. आयनांच्या झोतात तर पृष्ठभागाचा थोडा भाग उकळून उडतो आणि त्याच्या धक्क्याची लाट आत जाते. त्यामुळे वितळलेला थर काही मायक्रॉनचा असला तरी कडकपणातला फरक कित्येक पट खोल जाणवतो. या दूरच्या परिणामावर सोव्हिएत नियतकालिकांतून वर्षानुवर्षे वाद चालला.

हिशेबाच्या वहीत ही ऊर्जा नगण्य आहे. एक चौरस सेंटिमीटरवर १० ज्यूल आणि ५० चौरस सेंटिमीटरचा झोत धरला तर एका स्पंदाला ५०० ज्यूल पडतात. विजेच्या बिलातल्या एका युनिटमध्ये, यंत्राची उधळपट्टी सोडून निव्वळ हिशेबाने, असे सात हजारांवर स्पंद मावतील. सगळी जादू ती ऊर्जा किती थोड्या वेळात उतरते यात आहे.

कमी व्होल्टेजला इतका प्रवाह काढणे मात्र सोपे नव्हते. पोकळीत इलेक्ट्रॉन एकमेकांनाच मागे ढकलतात, म्हणून २५ हजार व्होल्टला हजारो अँपिअर निघत नाहीत. त्यासाठी लाखो व्होल्ट लागतात. मग क्ष-किरणांपासून बचावासाठी शिशाच्या भिंती आल्या आणि यंत्र कारखान्यात ठेवण्याजोगे राहिले नाही. टॉम्स्कवाल्यांनी युक्ती केली. त्यांनी बंदुकीच्या पोकळीत आधीच आर्गॉनचा विरळ प्लाझ्मा भरला. त्यातले धन आयन इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकल निवळवतात, सारे व्होल्टेज कॅथोडच्या प्लाझ्माजवळच्या एका पातळ पापुद्र्यात एकवटते आणि प्रवाह वीस-तीस हजार अँपिअरच्या घरात जातो. क्ष-किरण इतके मऊ की पोकळीच्या पोलादी भिंतीलाच ते अडतात. तिथले ‘नादेझ्दा’ हे यंत्र याच वळणाचे. दारूगोळ्यातून जन्मलेल्या विद्येला कारखान्याच्या दारापर्यंत आणले ते या एका बदलाने, असे मला वाटते. मेस्याट्स यांचे नाव जगभर झाले, प्रोस्कुरोव्स्की आणि ओझुर यांचे नाव या वर्तुळाबाहेर कोणाला माहीत नाही.

आता खड्ड्यांची गोष्ट. झोत पडलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली आरशासारखे दिसावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यावर ज्वालामुखीच्या मुखासारखे गोल खळगे दिसतात, काही मायक्रॉनपासून त्याच्या दहापट-वीसपट रुंदीचे. ज्याने ज्याने हा प्रयोग केला त्याच्या पदरात हे खड्डे पडले. आधी कॅथोडमधून उडालेल्या थेंबांवर संशय गेला. पुढे चीनमधल्या दालियन तंत्रविद्यापीठात आणि फ्रान्समधल्या मेत्स इथे या विषयाचा बारकाईने पाठपुरावा झाला, तेव्हा मुख्य गुन्हेगार पोलादाच्या पोटातच सापडले. मँगनीज सल्फाइडसारख्या अशुद्ध कणांची उष्णता वाहून नेण्याची ताकद कमी, ते आजूबाजूच्या धातूआधी तापतात. शिवाय इलेक्ट्रॉन सर्वाधिक ऊर्जा अगदी वरच्या कडेला न देता थोड्या खोलीवर देतात, म्हणून कण आत तापून वरची कातडी फोडून बाहेर येतो.

याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या काही स्पंदांत खड्डे भरभर वाढतात, मग अशुद्ध कण संपत जातात आणि पुढचे स्पंद जुने खड्डे बुजवू लागतात. पंचवीस-तीस स्पंदांनंतर पृष्ठभाग सुरुवातीपेक्षा स्वच्छ होतो. गंज सहसा या सल्फाइडपाशीच सुरू होतो, म्हणून असा थर गंजाला बरा तोंड देतो. पण खड्डे पुरेसे बुजले नाहीत तर गंज त्यांच्याच तळाशी घर करतो. एकाच पोलादाबद्दल एक गट ‘गंजप्रतिकार वाढला’ म्हणतो आणि दुसरा ‘घटला’ म्हणतो, तेव्हा बहुधा फरक स्पंदांच्या संख्येचा आणि पोलादाच्या शुद्धतेचा असतो. या क्षेत्रातले दावे वाचताना ही गोष्ट लक्षात न ठेवली तर डोके फिरते.

दुसरी अडचण ताणाची. वरचा थर गोठताना आकसतो, खालचे पिंड आकसत नाही, त्यामुळे कातडी ताणलेली राहते. चिवट पोलादाला हे चालते. यंत्रावर धातू कापणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या टिपेवर मात्र बारीक चिरा पडतात. सुरुवातीच्या प्रयोगांत या टिपांचे आयुष्य दुप्पट-तिप्पट झाल्याचे सांगितले गेले. पण तोवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चढवलेल्या टिपा बाजारात सहज मिळू लागल्या होत्या. कोणत्याही टूलरूममध्ये विचारा, त्या पिवळ्या टिपा सगळ्यांना माहीत आहेत. झोताचे पाणी दिलेली टिप कोणी पाहिलेली नसते.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. टॉम्स्कच्या संस्थांचा पैसा आटला आणि हे लोक बाहेर गिऱ्हाईक शोधू लागले. ‘नादेझ्दा-२’ जातीचे यंत्र दालियनला पोहोचले. मॉस्कोत विमानविद्या संस्थेचे व्याचेस्लाव शुलोव्ह जेट इंजिनांच्या टायटॅनियमच्या पात्यांवर झोत मारत होते. त्यातला एक उपयोग मला विशेष हुशारीचा वाटतो: वापरून जीर्ण झालेल्या पात्यावरचा जुना मुलामा झोतानेच उडवून लावायचा आणि पाते पुन्हा कामाला लावायचे.

अटलांटिकपलीकडेही तीच वेळ आली होती. शीतयुद्ध संपले, शस्त्रांच्या प्रयोगशाळांना नागरी उपयोग दाखवणे भाग पडले. सँडियात रीगन स्टिनेट यांच्या गटाने आयन झोताने पृष्ठसंस्कार करण्याचे तंत्र पुढे आणले. जुन्या आयन यंत्रांत ॲनोड, म्हणजे धन टोक, प्लास्टिकचा असे. त्याच्यावर वीज कोसळून प्लाझ्मा बने, पण प्लास्टिक झिजे आणि काजळी उडे. संमीलनासाठी दिवसाला दोन-चार स्पंद पुरत, कारखान्याला सेकंदाला काही हवेत. कॉर्नेलमधल्या जॉन ग्रीनली यांच्या रचनेत ॲनोडच्या जागी वायूची फुंकर सोडून तिचाच प्लाझ्मा करतात, म्हणजे झिजायला काही उरत नाही आणि हायड्रोजन, नायट्रोजन असा हवा तो वायू घेता येतो. ही रचना, आणि जोडीला चुंबकीय स्विचांवर चालणारे, थकून न जाणारे स्पंदयंत्र, असा हा संच झाला. अल्बुकर्कमध्ये त्यावर कंपनीही निघाली. कारखानदारांनी मात्र या यंत्राला दारात उभे केले नाही. लेझर तोवर स्वस्त होत चालला होता आणि लेझरला निर्वात पोकळी लागत नाही.

कारखान्यात ज्याचा पाय खरोखर टिकला ते यंत्र जपानी निघाले, आणि काम होते पॉलिशचे. प्लास्टिकच्या वस्तू ओतायचे पोलादी साचे, ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या ईडीएम यंत्रावर घडवले की त्यांचा पृष्ठभाग खरखरीत राहतो. मग कसबी माणसे आधी दगडाने, मग पॉलिश पेपरने, शेवटी हिऱ्याच्या पेस्टने तासन्‌तास घासत बसतात. पुण्या-मुंबईकडच्या साचेवाल्यांना हे काम नव्याने सांगायला नको. ओकायामा विद्यापीठात योशियुकी उनो आणि अकिरा ओकादा यांनी सुमारे ६० मिलिमीटर रुंदीचा इलेक्ट्रॉन झोत अशा साच्यांवर सोडला. वितळलेला पातळ थर आपल्याच पृष्ठताणाने सपाट होतो आणि तसाच गोठतो. सुमारे ६ मायक्रॉनचा खडबडीतपणा काही मिनिटांत १ मायक्रॉनखाली आला. सोडिक ही ईडीएम यंत्रे बनवणारी कंपनी असे पॉलिश यंत्र विकू लागली. झोताच्या या साऱ्या शाखांत हाच उपयोग सर्वांत कमी रोमांचक, आणि म्हणूनच बहुधा खपला.

आपल्याकडे या विद्येचे नाव निघाले की लोकांना आठवते ती ‘काली’. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातला हा ‘किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर’. घराणे तेच, मार्टिन आणि मेस्याट्स यांचे: कपॅसिटरांची साखळी, स्पंद धारदार करणारी रचना, स्फोटक उत्सर्जनाचा कॅथोड. क्ष-किरणांचे लखलखाट आणि शक्तिशाली सूक्ष्मलहरी निर्माण करणे हे त्याचे काम. पण शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच जाळणारे गुप्त अस्त्र म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत त्याची जी कीर्ती आहे, ती ऐकून तिथले अभियंते काय म्हणत असतील? त्यांना विचारण्याची सोय नाही.

२००३ मध्ये रशियाचा ‘ग्लोबल एनर्जी’ हा मोठा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत मेस्याट्स होते आणि त्यांच्याबरोबर ऑल्डरमास्टनहून अमेरिकेत गेलेले इयान स्मिथ. गौरव स्पंदशक्तीच्या पायाभूत कामाचा होता.

झोताच्या गंभीर उपयोगांपैकी एक आज जर्मनीत, कार्ल्सरुहच्या संशोधन केंद्रात चालू आहे. तिथले ‘गेझा’ यंत्र सेंट पीटर्सबर्गच्या येफ्रेमोव्ह संस्थेच्या मदतीने उभे राहिले. रशियाकडून व्लादिमिर एंगेल्को, जर्मनीकडून गेओर्ग म्युलर ही त्यातली दोन नावे. याचा इलेक्ट्रॉन टॉम्स्कच्या इलेक्ट्रॉनपेक्षा कित्येक पट जोरदार आणि स्पंदही लांब, त्यामुळे वितळलेला थर दहा-वीस मायक्रॉन किंवा त्याहूनही जाड. त्यांच्यापुढचा प्रश्न वितळलेल्या शिशाचा आहे. नव्या पिढीच्या काही अणुभट्ट्यांत पाण्याऐवजी शिसे किंवा शिसे-बिस्मथ फिरवून उष्णता काढायची योजना आहे. सोव्हिएत नौदलाने आपल्या ‘अल्फा’ वर्गाच्या पाणबुड्यांत हे केलेही होते. पण गरम शिसे पोलादातले निकेल हळूहळू विरघळवून खाते. पोलादाच्या अंगात ॲल्युमिनियम असेल तर त्यावर ॲल्युमिनाचे पातळ, चिवट कवच आपोआप धरते आणि शिसे आत शिरत नाही. सगळ्या पोलादात ॲल्युमिनियम घातले तर ते ठिसूळ होते, म्हणून ते फक्त कातडीत हवे. आधी नळीवर लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमचा थर फवारायचा. फवारलेला थर सच्छिद्र असतो आणि पोलादाला नुसता चिकटलेला असतो. मग झोताने तो खालच्या पोलादासकट वितळवायचा, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. ॲल्युमिनियम साधारण ४ टक्क्यांखाली गेले तर कवच धरत नाही, फार वाढले तर थर ठिसूळ होतो.

इंधनाची नळी गोल आणि झोत सपाट, हा शेवटचा पेच होता. नळी फिरवत एकेक पट्टा वितळवला तर पट्ट्यांच्या कडांना दुहेरी वितळण होते आणि कवच नेमके तिथे कच्चे राहते. म्हणून चौथ्या ‘गेझा’त त्यांनी रचनाच उलटी केली. कॅथोड गोल कड्यासारखा भोवताली, नळी मधोमध उभी, आणि इलेक्ट्रॉन चारही बाजूंनी एकाच वेळी आत. अशा नळ्यांचे तुकडे वितळलेल्या शिसे-बिस्मथच्या फिरत्या प्रवाहात हजारो तास टांगून तपासले जातात.